गोठ्याच्या माळ्यावरची काडतुसे: एका .४५५ वेब्लीचे प्रकरण

दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका गावात 'सुभेदारांचे घर' म्हणून ओळखले जाणारे घर आहे. दापोलीला जुनी माणसे अजून 'कॅम्प' म्हणतात. पलटणीतून निवृत्त झालेले लोक या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिले, आणि त्यांच्यातल्या काहींच्या घरी परवान्यावरची हत्यारेही राहिली. या घरात आहे ते वेब्ली मार्क ६, .४५५ बोअरचे, सहा बारांचे रिव्हॉल्व्हर. परवाना घरातले वडीलधारे आबा यांच्या नावावर आहे, नूतनीकरण वेळच्या वेळी झालेले आहे, यूआयएन (परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पडलेला आहे. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही. आबांनी सत्तरी ओलांडली आहे. मुलगा काही वर्षे अमेरिकेत नोकरी करून आता पुण्यात स्थायिक झाला आहे.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची आणि मग परसात उभे राहून हवेत एक बार काढायचा, अशी या घराची रीत. काडतुसे याच रीतीत खर्च होत गेली. नवीन मिळण्याचा मार्ग नाही. आपल्या आयुध निर्माणीच्या काडतुसांपैकी नागरी परवान्यावर रिव्हॉल्व्हरसाठी मिळते ते मुख्यतः .३२ चे. मुलाने अमेरिकेत असताना क्लबात नेमबाजी केली होती आणि स्वतःची काडतुसे स्वतः भरली होती. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला वेगळा परवाना लागत नाही. त्याचा प्रश्न असा: आबांच्या वेब्लीसाठी इथे काडतुसे भरता येतील का?

मी लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. निवृत्तीनंतर ओळखीतले लोक जुनी हत्यारे दाखवायला बोलावतात, तसे या घरानेही बोलावले. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे ते मुलामुळे. त्याला हे काम येते. प्रत्येक बाराची दारू तो काट्यावर तोलतो, वहीत नोंद ठेवतो, घाई करत नाही. ज्याला काम येत नाही त्याला 'नको' म्हणून मोकळे होता येते. ज्याला येते त्याला कारणे द्यावी लागतात, आणि ती कारणे कोकणातल्या प्रत्येक जुन्या हत्याराच्या मालकाला उपयोगी आहेत.

हत्यारावरचे छाप

घरात सांगत आलेली गोष्ट अशी की आबांच्या आजोबांनी हे रिव्हॉल्व्हर पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूटच्या वेढ्यात वापरले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मराठा पलटणी होत्या, कूट-अल-अमारात वेढल्या गेलेल्या फौजेतही होत्या, हे खरे. पण या रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर साल आहे १९१७, आणि कूट पडले २९ एप्रिल १९१६ रोजी. मार्क ६ हा नमुनाच मुळी १९१५ साली ब्रिटिश सैन्यात आला. शिवाय सालाच्या शेजारी दोन बाण टोकाला टोक लावून ठोकलेले आहेत. एकटा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण समोरासमोर म्हणजे सरकारने नोकरीतून काढून विकलेले हत्यार. म्हणजे सुभेदारांनी ते युद्धानंतर रीतसर विकत घेतले असणार. आबांना हे ऐकून थोडे वाईट वाटले. मला मात्र ते दोन बाण कुठल्याही लढाईच्या गोष्टीपेक्षा मोलाचे वाटतात, कारण शंभर वर्षांनंतरही ते सांगतात की हे हत्यार या घरात सरळ मार्गाने आले.

मार्क ६ हे मधोमध मोडून उघडणारे रिव्हॉल्व्हर आहे. वरची कडी दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) एकदम वर उचलल्या जातात. ही रचना झटपट भरायला उत्तम, पण बार उडताना सगळा ताण पुढची बिजागरी आणि मागची कडी यांच्यावर येतो. या रिव्हॉल्व्हरची कडी झिजलेली आहे. बंद केल्यावर नळी धरून हलवली तर बारीकशी खळखळ हाताला लागते. सिलिंडरही पुढेमागे थोडा सरकतो. नळीतल्या आट्यांमध्ये (आतल्या पीळदार खाचांमध्ये) गंजाचे खड्डे आहेत, विशेषतः तोंडाकडच्या निम्म्या भागात.

खड्ड्यांचे कारण हवेतला खार एवढेच नाही. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत (बुडाशी असलेल्या, घोड्याच्या ठोक्याने पेट घेणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसते. ते मिठासारखेच ओलावा ओढते. म्हणून पलटणीत गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतायची शिस्त होती: मीठ पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. या घरात खंडेनवमीचा बार झाला की नळीला खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचे. मीठ तेलाखाली तसेच राहायचे. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते, आणि दापोलीची थंडी तर प्रसिद्ध आहे. त्यामुळे घोड्याच्या आतल्या यंत्रात ते थिजून धूळ धरून बसले होते. जुन्या तेलातली आम्ले पितळेला हिरवे करतात. खोबरेल देवापुढच्या दिव्याला आणि केसांना उत्तम आहे. हत्याराला लावू नये.

खोका

काडतुसे होती १८, परवान्यावरच्या नोंदीशी जुळणारी. पुठ्ठ्याच्या खोक्यावर कायनॉक हे नाव आणि आयसीआयचे चिन्ह. आयसीआय ही कंपनी १९२६ साली स्थापन झाली, म्हणजे खोका त्यानंतरचा. आत मार्क २ प्रकारचे काडतूस: आखूड पुंगळी, जाड शिशाची गोळी, आत कॉर्डाइट ही बिनधुराची दारू. .४५५ चे पहिले काडतूस काळ्या दारूचे होते, पुंगळी लांब. पुढे कॉर्डाइट आले आणि १८९७ मध्ये पुंगळी आखूड झाली, कारण बिनधुराची दारू थोडक्या जागेत तेच काम करते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

कोरड्या फडक्याने एकेक पुसून भिंगाखाली धरले. पॉलिश नाही, ब्रश नाही, कसलेही अवजार नाही. सातांच्या तोंडाशी उभ्या चिरा होत्या, काही केसासारख्या, काही नखाला लागणाऱ्या. तिघांच्या गोळ्या बोटाने फिरत होत्या. बहुतेकांवर हिरवा थर होता.

मी विचारले, "आबा, हा खोका ठेवता कुठे?"

"गोठ्याच्या माळ्यावर. बापूस ठेवायचा तिथंच. पोरांचा हात पोचत नाही ना."

या उत्तरात चिरांचे सगळे कारण आले. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांना हाच अनुभव आला होता. पावसाळ्यात हालचाली कमी असत आणि दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर पाहावे तर पितळी काडतुसांना चिरा. कारण बरीच वर्षे कळले नव्हते. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते नीट मांडले. पुंगळी पितळेच्या चकतीपासून ओढून ओढून लांब करतात. त्या ओढण्यात धातूच्या अंगात ताण साठून राहतो. जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि हवेतला ओलावा एकत्र आले की तो ताण जिथे जास्त तिथे पितळ स्वतःहून फाटते. बाहेरून कुणी धक्का मारायची गरज नसते. उपाय म्हणजे पुंगळी तापवून आतला ताण काढून टाकणे, आणि अमोनियापासून दूर ठेवणे.

पागेच्या जागी गोठा घाला, घोड्याच्या जागी गाई-म्हशी घाला. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने गोठ्याची दारे अर्धी झाकलेली, खाली गोमूत्र आणि शेण, वर माळ्यावर कोंडलेली ऊबदार दमट हवा. पितळ फाडायचे ठरवून कुणी जागा शोधली असती तरी यापेक्षा नेमकी सापडली नसती. आबांच्या वडिलांचा हेतू अगदी बरोबर होता: मुलांपासून दूर. कोकणातल्या कितीतरी घरांत काडतुसे, ठासणीच्या बंदुकीची दारू, छर्रे आजही याच कारणासाठी माळ्यावर असतात. ज्यांच्या माळ्याखाली गोठा आहे त्यांनी खोका आजच हलवावा, एवढी कळकळीची विनंती.

भरायचे ठरले तर

मुलाने तीन मार्ग मांडले. तिन्हींचा विचार त्याच्यासमोर बसून केला.

पहिला मार्ग: जुन्याच पुंगळ्या वापरायच्या. गोळ्या उपसायच्या, कॉर्डाइट काढून टाकायचे, नवी टोपी, नवी दारू. चिरलेल्या सात बादच. उरलेल्या अकरा पुंगळ्या त्याच माळ्यावर तितकीच वर्षे राहिलेल्या. भिंगाखाली चीर दिसली नाही म्हणजे ताण नाही असे होत नाही. पुढची चीर बार उडताना पडेल. त्या काळच्या अनेक टोप्यांत पाराही असे, आणि अशी टोपी एकदा उडाली की पारा पितळेत शिरून ते ठिसूळ करतो, म्हणून घरात जपून ठेवलेल्या रिकाम्या पुंगळ्याही निकामी. शिवाय या पुंगळ्या बर्डन पद्धतीच्या आहेत: ऐरण पुंगळीतच, ठिणगीची छिद्रे कडेला दोन. अमेरिकेत त्याने भरलेल्या पुंगळ्यांना मध्यभागी एकच छिद्र असते, त्यातून दाभण घालून जुनी टोपी ढकलून काढता येते. इथे तसे करता येत नाही. आणि भरलेले काडतूस घरी उघडणे हा वेगळाच धोका. जुन्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन असे. असली दारू उष्ण दमट हवेत दशकानुदशके राहिली की हळूहळू विघटित होते. तिची आजची अवस्था काय, हे डोळ्यांनी सांगता येत नाही.

दुसरा मार्ग: परदेशातून नव्या पुंगळ्या आणि गोळ्या आणायच्या. कायद्याचा भाग पुढे येतोच. आधी धातूचा. वेब्लीत एक खुबी आहे जी अनुभवी भरणाऱ्यालाही माहीत नसते. सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्याचे पुढचे तोंड नळीच्या आट्यांपेक्षा किंचित अरुंद असते. मूळची २६५ ग्रेनची गोळी मऊ शिशाची आणि बुडाशी पोकळ असे. अरुंद तोंडातून ती दबून निघे आणि मागच्या वायूच्या दाबाने बूड फुगून पुन्हा नळीत घट्ट बसे. तिच्या जागी कडक, भरीव गोळी घातली तर तोंडाशी अडखळून दाब वाढतो आणि पुढे नळीत ती सैल धावते. मुलाला हे नवे होते. त्याने लगेच वहीत लिहून घेतले.

तिसरा मार्ग त्याने अमेरिकेत पाहिला होता. तिथे गेलेल्या अनेक वेब्लींचा सिलिंडर मागून तासून .४५ एसीपी हे सहज मिळणारे काडतूस बसवले गेले. बसते, उडतेही. पण .४५ एसीपीचा कमाल दाब २१,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) धरला जातो, आणि मूळ .४५५ चा सुमारे १३,०००. झिजलेल्या कडीच्या, खळखळणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा दाब घालणे म्हणजे ते चेहऱ्यासमोर उघडण्याची वाट पाहणे. आणि तासलेला सिलिंडर पुन्हा भरून येत नाही. १९१७ चा तो मूळ तुकडा कायमचा गेला.

आबांना हे सगळे फार बारीक वाटत होते. त्यांनी तरुणपणी शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक वापरली होती, डुकरांना हाकलण्यासाठी. ते म्हणाले, "अहो, दारू मापानं घालायची, बोळा ठासायचा, गोळी. एवढं काय त्यात?"

त्यांच्या अनुभवात खोट नाही. गैरसमज होतो तो इथेच, आणि तो फार जणांचा होतो. काळी दारू ढोबळ असते. काळ्या दारूच्या जुन्या पुंगळ्यांत ती तोंडापर्यंत भरे. चुकून दुप्पट घालायची म्हटली तरी जागाच नसे, सांडली की लगेच दिसे. बिनधुराची दारू त्याच पुंगळीत तळाशी थोडीशी बसते. दुप्पट, कधी तिप्पटही आत मावते, आणि गोळी बसवली की बाहेरून काही कळत नाही. उलट कमी पडली किंवा टोपी ओलसर निघाली तर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज 'फुस्स' येतो, माणूस पुढचा बार दाबतो, आणि नळी फुगते किंवा फाटते. ठासणीत हाताला आलेला अंदाज इथे उपयोगाचा नाही. इथे चूक दाण्यांत मोजावी लागते. काळी दारूच वापरली तर? मार्क ६ ला दाब सोसेल, पण तिची राख ओलावा इतका ओढते की आपल्या हवेत त्याच दिवशी रिव्हॉल्व्हर पूर्ण खोलून धुवावे लागेल, आणि पुंगळ्यांचा प्रश्न तसाच राहील.

कायदा

इथे फार घोळ नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात हत्यार व दारूगोळा जवळ बाळगण्याचा परवाना कलम ३ खाली आणि दारूगोळा तयार करण्याचा कलम ५ खाली, असे दोन वेगळे परवाने आहेत. आबांच्या परवान्यावर काडतूस भरता येत नाही. अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्री हेही दारूगोळ्यातच मोडतात, तेव्हा 'नुसत्या रिकाम्या पुंगळ्या मागवल्या' किंवा 'नुसते प्रेस आणले' हा बचाव चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सिलिंडर तासून दुसरे काडतूस बसवणे हाही हत्यारातला बदल, तोही कलम ५ खाली येतो. याच दुरुस्तीने समारंभातल्या गोळीबाराचे कलमही आले: लग्नात, उत्सवात, धार्मिक ठिकाणी बेफिकिरीने बार काढून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि कोकणातल्या वाड्या एकमेकींना लागून आहेत.

जुने हत्यार म्हणून सूट मिळेल का, हे मुलाने विचारले. कलम ४५ मधली सूट आहे ती जुनाट किंवा नादुरुस्त आणि दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या हत्याराला. आबांचे रिव्हॉल्व्हर चालते. ज्या अमेरिकेचे उदाहरण तो देत होता तिथेही जुने हत्यार म्हणून वेगळी वागणूक आहे ती १८९८ पर्यंत बनलेल्यांना. १९१७ चे त्यात बसत नाही.

काय झाले

काडतुसांचा निर्णय पहिल्यांदा झाला. आबांनी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला: जुनी, चिरलेली, वापरण्यास धोकादायक काडतुसे जमा करून घ्यावीत. आधी फोन करून कळवले, त्यांनी सांगितल्याप्रमाणे खोका नेला, पोच घेतली, परवान्यावर नोंद करवून घेतली. हे मुद्दाम लिहितो, कारण अशी काडतुसे विहिरीत किंवा खाडीत टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि पाचोळ्याच्या आगीत टाकणारेही पाहिले आहेत. आगीत पुंगळी फुटून तिचे तुकडे उडतात. पाण्यात टाकली तर परवान्यावरच्या १८ नगांचा हिशेब देता येत नाही.

रिव्हॉल्व्हर घरात ठेवायचे, हे आबांचे ठाम मत होते आणि मला ते पटले. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, की तो हयात असतानाही वारसाच्या नावे परवाना मागता येतो. मुलाने तसा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे केला. अनेक घरे ही गोष्ट धारकाच्या मृत्यूपर्यंत लांबवतात, आणि मग कागद गोळा होईपर्यंत कलम २१ प्रमाणे हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ठाण्याच्या कोठडीत एक पावसाळा काढलेल्या नळीची अवस्था मी पाहिलेली आहे. आबा धडधाकट असताना हे झाले, याचा मला फार आनंद आहे.

खंडेनवमीचा बार मात्र थांबला. आबांना ते जड गेले; दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग त्यांनीच ठरवले की पूजा नेहमीसारखी, रिव्हॉल्व्हर मोडून, सहाही कप्पे रिकामे दिसतील असे पाटावर ठेवायचे.

मुलाची नेमबाजी सुटू नये असे मला वाटत होते. पुण्यात बालेवाडीला शूटिंग रेंज आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात बहुतेक जण .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस वापरतात, सपाट तोंडाच्या गोळीचे. ज्याला काडतुसाची इतकी जाण आहे त्याच्यासाठी हा प्रकार अगदी योग्य. सध्या तो .२२ वर सराव करतो आहे.

वेब्लीच्या देखभालीचे नवे नियम मी लिहून दिले. चामड्याच्या म्यानात ठेवायचे नाही. चामड्यात ओलावा आणि कमावण्याचे क्षार राहतात, या रिव्हॉल्व्हरच्या डाव्या अंगावरचे डाग म्यानाच्या शिवणीच्या रेषेतच आहेत. आतले खोबरेल पूर्ण धुऊन काढले आहे, आता बंदुकीचे पातळ खनिज तेल, तेही पुसट. लोखंडी कपाटात, भिंतीपासून सुटे, सिलिका जेलच्या पिशव्यांसह. पिशव्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला तापवून कोरड्या करायच्या. मूळचा निळा मुलामा जिथे उरला आहे तिथे पॉलिश लावायचे नाही, नवा मुलामा तर अजिबात नाही. घोडा रिकाम्यावर पाडायचा नाही.

वारसाचा अर्ज सध्या पोलीस अहवालाच्या टप्प्यावर आहे. तोपर्यंत रिव्हॉल्व्हर आबांच्याच ताब्यात राहील. परवान्यावर काडतुसांच्या रकान्यात आता 'निरंक' अशी नोंद आहे.